किती झिजलं म्हणजे संपलं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, इंजिन दुरुस्तीच्या मॅन्युअलचं नाव काढलं की मिस्त्री आधी तुमच्याकडे बघतो, मग हातातल्या पान्याकडे. "मॅन्युअल कंपनीतल्या लोकास्नी लागतंय. आमच्या हाताला कळतंय." यात बढाई किती आणि खरं किती याचा हिशेब करायला बसलं तर खरंच जास्त निघतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडवला. इथल्या शेडांतून निघालेली ऑइल इंजिनं नदीकाठानं उसाला पाणी पाजत राहिली. अशा गावाला इंजिन कसं खोलायचं हे छापील कागदानं शिकवणं म्हणजे गवळ्याला धार काढायला शिकवणं.

तरीही मी मॅन्युअल शोधत होते. ट्रक आबांचा, म्हणजे वडिलांचा. टाटा-मर्सिडीजचा ३१२, गोल नाकाचा, पुढच्या जाळीवर तारा असलेला. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला हे ट्रक बनवायला घेतले. करार पंधरा वर्षांचा होता, तो १९६९ ला संपला आणि पुढं ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. आबांनी गाडी घेतली तेव्हाच ती दोन हात फिरून आलेली होती. गळीत हंगामात ऊस, एरवी गुळाचे रवे, कधी कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड. आता ती कागलजवळ आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभी आहे. धाकट्या भावाचं मत सरळ होतं, भंगारच्या भावात जाईल तेवढी जाऊ दे. मी म्हटलं, इंजिन एकदा खोलून तर बघू. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. लोकांच्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, मापं काढण्यात दिवस जातो, मग घरचं इंजिन न मोजता भंगारात घालायचं हे पटेना.

मॅन्युअल शोधायला निघालं की सगळे विचारतात, गाडी कुठली? मीही आधी ३१२ चंच मॅन्युअल बघत होते. मग आबांच्या ट्रंकेतलं आरसी बुक काढलं, तर त्यात इंजिन बदलल्याची नोंद. ब्लॉकवरचं तेल-माती डिझेलनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून नंबर वाचला. नाकावर तारा ३१२ चा, पोटात इंजिन ६९२. जुन्या ट्रकांचं हे नेहमीचंच आहे. चाळीस-पन्नास वर्षं धंदा केलेल्या गाडीचं मूळ इंजिन शाबूत असेल तर उलट आश्चर्य वाटावं. केबिन एका साली, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, इंजिन तिसऱ्याचं. त्यामुळं ट्रकच्या नावानं मॅन्युअल मागणाऱ्याला दुकानदार जे हातात ठेवतो ते देखणं असेल, उपयोगी असेलच असं नाही. आधी ब्लॉकवरचा नंबर, मग पुस्तक.

या आकड्यांत मला फौंड्रीवाल्यांसारखाच रस आहे, म्हणून थोडं विषयांतर. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ६९७ म्हणजे सहा आणि ९७. टाटा ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार आणि ९७. ३१२ ट्रकातलं बेंझचं मूळ ओएम-३१२ इंजिन ९० च्या बोरचं, १२० च्या स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव), सहा सिलिंडरचं. गुणाकार करा, सुमारे ४.५८ लिटर येतात. ६९२ ला स्ट्रोक तोच, बोर दोन मिलिमीटरनं मोठा, म्हणजे जवळजवळ ४.७९ लिटर. हा गुणाकार मी नुसत्या हौसेखातर करत नाही. कुठलंही जुनं मॅन्युअल हातात आलं की पहिल्या पानावरचा बोर आणि स्ट्रोक घेऊन सीसी काढून बघायची. छापलेल्या सीसीशी जुळली नाही तर त्या पुस्तकात कुठंतरी आकडा चुकलाय, आणि पहिल्याच पानावर चुकला असेल तर आतल्या दोनशे पानांचं काय?

मामांना मी हे सांगितलं. मामा म्हणजे मिस्त्री. आबांच्या वेळेपासून या गाडीचं काम त्यांच्याकडे. त्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं, सिलिंडरच्या तोंडाशी नख फिरवलं आणि म्हणाले, "कड लागली बघ पोरी. बोर झालंच."

बोर करायचं म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करायचं आणि त्यात मोठे, ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. ती कड खरंच लागत होती. माझ्याही नखाला. पिस्टनची वरची रिंग वर येऊन जिथं थांबते त्याच्यावरचा भाग घासत नाही, त्याच्या लगेच खालचा सगळ्यात जास्त घासतो, कारण तिथं आग, दाब आणि तेलाची टंचाई तिन्ही एकाच वेळी असतात. म्हणून तिथं पायरी तयार होते. नखाला पायरी कळते, पण पायरी किती खोल आहे हे नख सांगत नाही. ओव्हरसाइज पिस्टन ठरावीक टप्प्यांनीच मिळतात. एक टप्पा वर जायचं की दोन, की बोर न करता नुसत्या रिंगा टाकून भागेल, हा हजारो रुपयांचा प्रश्न आहे. मी फौंड्रीतून सुट्टीच्या दिवसापुरतं बोर गेज मागून आणलं. एका सिलिंडरमध्ये तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. सहा सिलिंडरचे मिळून छत्तीस आकडे. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हल. मामा बाजूला तंबाखू मळत बसले होते. वही भरली तसं त्यांनी विचारलं, "मग, काय म्हणतंय?"

इथंच पुस्तक लागतं. माझ्याकडे छत्तीस आकडे होते आणि त्यांच्याशी ताडून बघायला एकही नव्हता. नवीन असताना किती, किती झिजेपर्यंत चालेल आणि कुठं गेल्यावर चालवायचं नाही, हे तीन रकाने नसतील तर माझं बोर गेज आणि मामांचं नख एकाच लायकीचं. कसं करायचं ते सांगायला उद्यमनगरात माणसं आहेत. किती, हे विचारलं की तीच माणसं एकमेकांकडे बघतात. त्यामुळं मॅन्युअल निवडताना मी चित्रं, फोटो, कागद, बांधणी यातलं काही बघत नाही. झिजेची हद्द दिली आहे का, एवढं बघते. "झिजलेला भाग तपासून आवश्यक असल्यास बदलावा" अशा वाक्यांचं पुस्तक कितीही जाड असलं तरी मला नको. आवश्यक आहे का, तेच तर विचारतेय मी!

माझी एक खास कसोटी आहे आणि ती मी दुकानात उभ्या उभ्या लावते. क्रँकशाफ्टचं पान काढायचं. जर्नलचं, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं, माप सगळेच देतात. जर्नल घासून बारीक केल्यावर लागणारे बेअरिंगचे अंडरसाइज टप्पेही देतात, ज्यांना आपल्याकडे ग्राइंडिंगवाले दहा, वीस, तीस म्हणतात, म्हणजे तितके थाव, इंचाचे हजारावे भाग. बघायचं ते पुढचं. जर्नल जिथं क्रँकच्या भिंतीला मिळतं तिथल्या कोपऱ्यातली गोलाई, फिलेट रेडियस, दिली आहे का? ग्राइंडिंगच्या चाकाची कड गोल न करता तो कोपरा काटकोनात कापला गेला तर सगळा ताण तिथं साठतो आणि क्रँक तिथंच चिरतो. लगेच नाही चिरत, म्हणून कुणी ग्राइंडिंगला दोष देत नाही. घाटात भरल्या गाडीचा क्रँक तुटला की "माल हलका होता" म्हणून मोकळे. ज्या पुस्तकात हा रेडियस छापलेला असतो ते पुस्तक क्रँक तुटलेले बघितलेल्या माणसानं लिहिलेलं असतं. बाकीची पानं न बघताही मी ते घेऊन टाकते.

हातात येतात ती पुस्तकं तीन-चार जातींची. ड्रायव्हरला मिळायचं ते छोटं हँडबुक, यात तेल कधी बदलायचं, हवा किती मारायची, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, किती ठेवायचे एवढं असतं. सोबतीला बरं. "सर्व डिझेल ट्रकांसाठी" म्हणून निघालेली बाजारू पुस्तकं, यांच्याबद्दल न बोललेलं बरं. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल, हेच खरं. आणि चौथं, ज्याला कुणी मॅन्युअल म्हणतच नाही, ते पार्ट कॅटलॉग.

पार्ट कॅटलॉगबद्दल माझं मत ठाम आहे. कोल्हापुरात राहणाऱ्यानं दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर कॅटलॉग आधी घ्यावा. त्यात शिकवणं काही नसतं. इंजिनाचा एकेक भाग सुटा करून, हवेत टांगल्यासारखा एकाच रेषेत मांडलेला असतो, प्रत्येकाला नंबर. पण ती चित्रं बघितल्यावर कळतं की वॉटर पंपाच्या शाफ्टवर दोन वॉशर होते आणि आपल्याला एकच सापडलाय. दुसरा कुठल्याशा आधीच्या मिस्त्रीकडे राहिला, किंवा त्यानं तो घातलाच नाही. जुन्या इंजिनाची निम्मी भानगड ही झिजेची नसते, मधल्या मालकांनी गाळलेल्या गोष्टींची असते. आणि एकदा काय नाही ते कळलं की इथं ते करून मिळतं. लेथवाल्याला जाडी, आतलं-बाहेरचं माप आणि माल सांगितला की संध्याकाळी वॉशर हातात. कंपनीचा पार्ट बंद झालाय म्हणून पुण्या-मुंबईचा माणूस अडून बसेल, आपण बसत नाही. फक्त काय बनवायचं ते माहीत पाहिजे.

वर्कशॉप मॅन्युअलांची एक खोड मात्र सगळ्या जगात सारखी. खोलायचं सोळा पायऱ्यांत सांगतात, मग एका ओळीत, "जोडणी उलट क्रमाने करावी". आणि दर दोन पानांआड एक खास टूल, त्याचा कंपनीचा नंबर, जणू ते आपल्या डिकीत असतंच. काही जुन्या मॅन्युअलांत त्या टूलचं मापासकट चित्र असतं. तसं मिळालं तर सोनं. आमचा पुली काढायचा पुलर अशा चित्रावरूनच बनला, पट्टीचा तुकडा आणि भंगारातले बोल्ट यातून. तो बघून मामांनी पहिल्यांदा पुस्तकाकडे मान वळवली. "हे बरं काढलंय" एवढंच म्हणाले.

हल्ली मॅन्युअल म्हणजे बहुधा कुणीतरी स्कॅन केलेली फाइल. झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल मारून घ्यायची. त्यात धोका आकड्यांचा. तीनचे आठ होतात, पॉइंट उडतो. जर्मन मूळ प्रत असेल तर त्यात दशांशाला टिंब नसून स्वल्पविराम असतो. बेंझच्या ओएम-३५२ ला थंड इंजिनावर टॅपेट इनलेटला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर, जर्मन पानावर ते ०,२० आणि ०,३० असं दिसतं, आणि स्कॅनमध्ये स्वल्पविराम गेला की नुसतं ०२०. टॅपेटचं ठीक आहे, कुणीही ओळखेल. बेअरिंगच्या गॅपला ओळखणं अवघड. म्हणून मिलिमीटर आणि इंच दोन्ही छापलेली प्रत मिळाली तर ती घ्यावी. दहा थाव म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. दोन रकाने एकमेकांना साक्ष देतात, आणि साक्ष जुळली नाही की तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह.

टाइट करायच्या आकड्यांत गोंधळ आणखी मोठा. जुनी जर्मन आणि टेल्कोची पुस्तकं किलोग्रॅम-मीटरमध्ये बोलतात, ब्रिटिश पाउंड-फुटांत, नवी न्यूटन-मीटरमध्ये. अकरा किलोग्रॅम-मीटर, ऐंशी पाउंड-फूट आणि एकशे आठ न्यूटन-मीटर हे जवळजवळ एकच. आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याच्या इंजिनावर कुणीतरी पुस्तकातला ऐंशी बघून टॉर्क रेंचही (ठरावीक जोरानंच बोल्ट आवळणारा पाना) ऐंशीवर लावला, पण रेंच न्यूटन-मीटरचा. हेड पाव हिश्शानं ढिलं राहिलं. गाडी निपाणीच्या पुढं गेली नाही, गॅसकेट फुंकून पाणी तेलात. तेलाच्या मापाचंही तसंच. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचारच्या आसपास. तीन गॅलनमध्ये दोन लिटरचा फरक पडतो. पुस्तक कुठल्या देशात छापलं ते पहिल्या पानावर बघून ठेवायचं, बस.

लेलँडवाल्यांची गोष्ट वेगळी. अशोक मोटर्स १९४८ ची, १९५५ ला अशोक लेलँड झाली, आणि त्यांच्या इंजिनांची ३५०, ३७०, ४०० ही नावं क्यूबिक इंचांवरून आली. त्या जुन्या ब्रिटिश वळणाच्या इंजिनांवर पाना लावायचा म्हणजे आणखी एक कोडं. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ पाना पाऊण इंचापेक्षाही रुंद उघडतो. मामा सुतात बोलतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच, त्यांना यातलं काही अडत नाही; हाताला येईल तो पाना ते बरोबरच उचलतात. पुस्तक वाचणारा मात्र चुकीचा पाना घेऊन नटाची टोकं गोल करतो. लेलँडचं मॅन्युअल घेणाऱ्यानं बोल्टांच्या आट्यांचं पान आहे का ते आधी बघावं.

आणि पंप. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये फ्युएल पंपाचं सगळं असेल अशी आशा धरू नये. पंप गाडीवर कसा बसवायचा आणि टायमिंग कुठल्या डिग्रीला लावायचं एवढंच त्यात असतं. आतलं कॅलिब्रेशन पंपाच्या स्वतःच्या टेस्ट शीटवर असतं, आणि ते पंपावरच्या पत्र्याचा नंबर सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्या जुन्या ट्रकांवर बहुधा मायको कंपनीचे पंप. डिझेल फवारणाऱ्या नोझलचंही तसं. जुन्या प्री-चेंबर इंजिनाचे, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं त्यांचे, नोझल बरेच कमी दाबावर उघडतात, डायरेक्ट इंजेक्शनचे (डीआय) जास्त. बाजारात ६९२ आणि ६९२ डीआय अशी दोन नावं चालतात, ती उगीच नाहीत. पंपवाल्याकडे "६९२ चे नोझल" एवढंच सांगून सुटका नाही, आणि मॅन्युअलच्या मुखपृष्ठावरही नुसतं ६९२ असेल तर आत कुठलं आहे ते उघडून बघावं लागतं.

आमचं मॅन्युअल शेवटी मिळालं ते दुकानात नाहीच. मामांच्या ओळखीच्या एका निवृत्त मेकॅनिकनं बाजारभोगावच्या घरातून काढून दिलं, परत करायच्या बोलीवर. टेल्कोचं, ६९२ चं. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं पुराच्या पाण्यानं एकमेकांना चिकटलेली. पण मी आधी त्याच्या कडा बघितल्या. जुनं मॅन्युअल बंद ठेवून आडवं धरलं की कोणती पानं कामाला आली ते बाहेरूनच कळतं, तिथं कडा काळ्या असतात. याच्यात दोन ठिकाणी काळे पट्टे होते. एक उघडलं तर टॅपेट आणि हेडच्या बोल्टांचा क्रम. दुसरं उघडलं तर क्रँकचं पान, तेलाचा अंगठा बरोबर मध्ये, आणि छापील रेडियसच्या खाली पेन्सिलची रेघ. बाकीचं मी तपासलंच नाही. गीअरबॉक्सचा भाग अगदी कोरा करकरीत होता, तोही मला आवडला. ज्यानं वापरलं त्यानं इंजिनच केलंय.

छत्तीस आकडे त्या तीन रकान्यांशी ताडले. दोन सिलिंडर हद्दीच्या बाहेर, चार आत. म्हणजे बोर करायला हवंच, मामांचं नख बरोबर होतं. पण एकच टप्पा पुरे होता, आणि मामा दोन सांगत होते. त्यांच्या मते एकदाच काय ते जास्त काढलेलं बरं, परत उघडायला नको. माझं म्हणणं, आज जास्त काढलं तर उद्या काढायला भिंत उरणार नाही. यावर आमचं बरंच झालं. चहा झाला, तंबाखू झाली. शेवटी मामा म्हणाले, "तुझ्या आबांनी असं विचारलं असतं तर मी ऐकलं नसतं." आणि बोरिंगवाल्याला फोन करून एका टप्प्याचं सांगितलं.

क्रँकला काही करावं लागलं नाही, पॉलिश करून स्टँडर्ड बेअरिंगवरच बसला. भावानं अजून भंगाराचा विषय सोडलेला नाही, पण पिस्टनचे निम्मे पैसे त्यानंच दिलेत.

मॅन्युअल परत द्यायचं होतं, म्हणून त्याचे मोजमापाचे तक्ते मी एका मोठ्या कागदावर मराठीत उतरवून काढले. नवं, हद्द, आणि संपलं असे तीन रकाने. खाली टाइट करायचे आकडे, किलोग्रॅम-मीटर आणि न्यूटन-मीटर दोन्हींत. मामांनी तो लॅमिनेट करून शेडमध्ये व्हाइसच्या वर लावला. कुणी विचारलं तर "पोरीनं केलंय, लई शिकलेली हाय" असं सांगतात, आणि गिऱ्हाईक गेल्यावर चष्मा लावून स्वतः वाचतात. परवा शेजारच्या शेडातल्या पोरानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आला.

"ताई, ह्यात ६९७ चं न्हाई व्हय?"

बोर ९७, स्ट्रोक १२८, एवढं तोंडी सांगितलं. बाकीच्यासाठी त्याला आधी ब्लॉक घासून नंबर लिहून आणायला धाडलंय.